सहभागी क्रमांक तेवीस

६ फेब्रुवारी

ताई,

सव्वा वर्ष झालं. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. पाकिटावरचं माझं अक्षर ओळखून न फोडताच ठेवून देशील, म्हणून पत्ता ऑफिसातल्या कारकूनबाईंकडून लिहून घेतला. बघ, सुरुवातच लबाडीने झाली.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, जीभ अजून नाही. बारक्याकडेच असते. तुझी आठवण काढते, पण त्याच्यासमोर नाही.

एक बातमी आहे. मला विद्यापीठाच्या हितसंबंध समितीची अध्यक्ष केलंय. संशोधक जी वस्तू तपासतोय, तिच्यात त्याचा स्वतःचा किंवा घरच्यांचा फायदा गुंतलेला नाही ना, हे ही समिती बघते. कुलगुरू म्हणाले, "मॅडम, तुमच्याइतकी स्वच्छ फाइल कुणाचीच नाही." मी आभार मानले. हसायचं असेल तर हस. इथून ऐकू येणार नाही.

खोली बरी आहे. दोन कपाटं, एक टेबल, आणि एक खिडकी जी उघडत नाही, कारण तिच्याबाहेर कुणीतरी एसीचं यंत्र बसवलंय.

बारक्याच्या कारखान्याचंही नीट चाललंय. आपल्या सुखतळ्याला ('आपल्या' म्हणायची सवय जात नाही) मोठ्या हॉस्पिटलकडून मागणी आली आहे. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे, अशा प्रत्येकाला तो बुटात घालायला देणार आहेत. पुढच्या महिन्यापासून.

तुझा पाय कसा आहे? जखम भरली असेल आता. अंगठ्याशेजारचं बोट गेलं तरी चालताना तोल फारसा बिघडत नाही, असं पुस्तकात आहे. शिवणयंत्र चालवतेस का पुन्हा?

सोबत एक कागद आहे. हॉस्पिटलला चाचणीची कागदपत्रं पूर्ण हवी आहेत. 'सूचनांप्रमाणे सुखतळा वापरणे मला जमले नाही', एवढंच त्यात आहे. खाली सही कर आणि परत पाठव. तिकीट लावलेलं पाकीट आत ठेवलंय. नुसती औपचारिकता आहे.

तुझी
मधली

२१ फेब्रुवारी

ताई,

कागद मिळाला. सहीची जागा कोरी. चार घड्या घातलेल्या, तू कापडाला घालतेस तशा, कडेला कड जुळवून. सोबत तुझी एक ओळसुद्धा नाही. शिवी दिली असतीस तरी चाललं असतं.

ठीक आहे. हॉस्पिटलमध्ये तुझ्या खाटेशी उभी राहून मी आवाज चढवला, ते चुकलं. आजारी माणसाशी तसं बोलू नये. पण ताई, चाचणी म्हटली की नियम न पाळणारे निघतातच. सुखतळा घालणारे चाळीस जण होते, त्यातले चौघे मोजणीतून वगळावे लागले. तू त्यातली एक. त्यात मानापमान कसला?

परवा माझा पहिला वर्ग झाला. नव्याने नेमलेल्या तीस संशोधकांना हितसंबंध कसे ओळखायचे आणि कसे सांभाळायचे, हे शिकवायचं होतं. मी छान बोलले. मी म्हटलं, "हितसंबंध असणं हा गुन्हा नाही. माणूस आहे म्हणजे नाती आहेत, भाऊबंद आहेत. ते लपवणं हा गुन्हा. आधी सांगा. मग समिती मार्ग काढेल. कधी दुसऱ्या कुणाला निकाल तपासायला देईल, कधी तुम्हाला बाजूला करेल."

मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, पण आपण वाकडं बघतोय हे आपलं आपल्याला कळतं का?"

"कळतं," मी म्हटलं.

"कसं?"

"समजा, हा निकाल उलटा आला असता. तर तुम्ही तो इतक्याच सहज मान्य केला असता का, हे स्वतःला विचारायचं."

सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. मी फळा पुसला. पुसून झाला तरी पुसतच होते. शेवटी ती मुलगीच म्हणाली, "मॅडम, झाला स्वच्छ."

कागद पुन्हा पाठवत नाही. एवढं तरी मान.

मधली

९ मार्च

ताई,

आज दोन गोष्टी सांगते. पहिली सोपी आहे.

आमच्या रसायनशास्त्राच्या सरांनी समितीकडे फॉर्म भरून दिला. ते ज्या कंपनीचं मलम तपासतायत, तिथे त्यांच्या बायकोला नोकरी लागली. आम्ही त्यांना त्या कामातून काढलं, तीन वर्षांचं काम दुसऱ्याच्या हाती दिलं. मला वाटलं, माणूस चिडेल. ते दारात थांबून म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? दोन महिन्यांनी काल पोटभर जेवलो." आणि जिने उतरताना शीळ घालत गेले. पन्नाशीचा माणूस!

मी खुर्चीत बसून ती शीळ खालच्या मजल्यापर्यंत ऐकली.

दुसरी गोष्ट. रविवारी बारक्या आला होता, आईला घेऊन. आईला त्याने बाहेरच्या खोलीत बसवलं आणि स्वयंपाकघरात येऊन ओट्याला टेकून उभा राहिला.

"ताईने सही केली?"

"नाही."

"मग तूच कर. तुमच्या दोघींचं अक्षर लहानपणापासून सारखंच आहे."

"वेडा झालास का? खोटी सही मी करणार नाही."

तो हसला नाही, चिडलाही नाही. "अगं, मग आतापर्यंत काय केलंस?"

मी उगाच गॅस बारीक केला. तो म्हणाला, "सगळं तुझ्या नावावर उभं आहे. आता तू मागे फिरलीस तर मी बुडेन, आणि तू माझ्याआधी बुडशील. माझ्या कारखान्यात बावीस बायका आहेत. आणि आई माझ्या घरी राहते, हेही लक्षात असू दे." बाहेर आईने टीव्हीचा आवाज वाढवला. तिला ऐकायचं नव्हतं. ती काय, मी काय, आम्ही सगळ्याच न ऐकण्यात पटाईत.

तर ऐक. तुला ठाऊक आहेच, पण माझ्या तोंडून ऐक.

प्रत्येक सुखतळ्याच्या टाचेत बटणाएवढी चिप होती. पाय बुटात असेल तेवढे तास ती मोजते. तुझी चिप मी त्याच दिवशी वाचली होती, तुझ्या खाटेजवळ येण्याच्या आधी. दिवसाला सरासरी अकरा तास. एकही दिवस चुकलेला नाही. रविवारीसुद्धा नाही. चाळीस जणांत तुझ्याइतका नेमाने तो कुणीच घातला नव्हता. "तुम्हा दोघांचं काम आहे, मग माझे पाय कशाला आहेत?" म्हणत तू आपणहून नाव नोंदवलं होतंस.

ते आकडे खिशात ठेवून मी तुझ्याजवळ आले आणि म्हटलं, "तू नीट घातलाच नसशील. तुझा हलगर्जीपणा आमच्या अंगावर ढकलू नकोस."

तू माझ्याकडे बघितलंस आणि तोंड भिंतीकडे केलंस. तेव्हापासून तसंच आहे.

आधी तुझी एकटीची नोंद काढली. एकीने काय होतंय, वाटलं. पुढच्या महिन्यात आणखी तिघांच्या पायाला तिथेच, बोटांच्या मुळाशी, जखम झाली. तिथली कड कडक आहे, ताई. ज्याला पायाचं काही कळत नाही त्याला ती घासतेय हेही कळत नाही. पण तुझ्यासाठी जो शेरा लिहिला होता तो तयारच होता, 'सूचना पाळल्या नाहीत'. तिघांच्या नावापुढे तो उतरवायला पाच मिनिटं लागली नाहीत.

आणि चाचणीच्या आधी भरलेल्या फॉर्मवर एक प्रश्न होता: जवळच्या नातेवाइकाचा या वस्तूशी संबंध आहे का? मी 'नाही' वर खूण केली. सासरचं आडनाव कामाला आलं. इथे कुणालाच माहीत नाही की तो माझा भाऊ आहे. सहभागी क्रमांक तेवीस माझी बहीण आहे, हेही नाही.

बारक्याचे आधीचे तीन धंदे बसले होते. त्याला आपण दोघींनी कडेवर वाढवलं. तो बुडताना बघवेना, हे खरं आहे. पण सगळं खरं नाही. माझं नाव त्या सुखतळ्याबरोबर वर्तमानपत्रात आलं होतं. तो कागद अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

मधली

२८ मार्च

ताई,

तू लिहिलंस का ते? खरं सांग.

समितीकडे निनावी तक्रार आली आहे. माझ्याविरुद्ध. नियम असा की तक्रारीचं पाकीट अध्यक्षानेच फोडायचं, म्हणजे ते माझ्याच हातात आलं. एक पान आहे: 'सुखतळ्याच्या चाचणीतल्या चार जखमी पायांची पट्टी झाली, पण निकालात ते पाय नाहीत. पाय कुठे गेले?' अक्षर तुझं नाही. चार पायांना पट्टी बांधणारी एकच व्यक्ती आहे, ओपीडीतल्या सिस्टर. नाव घालण्याची त्यांची हिंमत झाली नसणार. नोकरी आहे, घर आहे. त्यांना मी कोणत्या तोंडाने भित्र्या म्हणू?

पाकीट नऊ दिवस माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. कारकूनबाई रोज विचारतात, "मॅडम, ते पाकीट रजिस्टरला चढवायचं राहिलंय." मी म्हणते, वाचतेय अजून. एक पान. काल त्या म्हणाल्या, "फारच बारीक अक्षर असेल." आणि चष्मा पुसत निघून गेल्या. त्यांना कळलंय की काय, कुणास ठाऊक.

फाडून टाकलं तर कुणालाच कळणार नाही. नोंदवलं तर चौकशी कोण करणार? मीच. आरोपी मी, न्यायाधीश मी. बाहेर जायचा प्रत्येक दरवाजा माझ्याच खोलीत उघडतो. रात्री झोप लागते, हे सांगायला लाज वाटते. पण सकाळी जाग येते आणि डोळे उघडायच्या आधीच ते पाकीट आठवतं.

हॉस्पिटलमध्ये वाटप सुरू झालंय. ओपीडीच्या बाहेर निळ्या खोक्यांची चळत लागली आहे. आज एक आजोबा बाकावर बसून सुखतळा बुटात बसवत होते. जमत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, "बाई, हा डावा की उजवा?"

"उजवा," मी म्हटलं. आणि वाकून घालून दिला.

घालून दिला, ताई.

मधली

१४ एप्रिल

ताई,

त्या आजोबांच्या दुसऱ्या दिवशी मी पाकीट रजिस्टरला चढवलं. अध्यक्षपद सोडलं. उपाध्यक्ष आमच्या कायद्याच्या बाई आहेत, त्यांच्या हातात तक्रार आणि नवा फॉर्म दिला. भाऊ, बहीण, चिप, चार पाय, सगळं लिहिलेलं. वाटलं, आता त्या रसायनाच्या सरांसारखं हलकं वाटेल. जिन्यात शीळ घालायचं बाकी होतं.

कुलगुरूंनी बोलावलं. फॉर्म त्यांच्यासमोर होता.

"मॅडम, तुम्ही जाहीर केलंत, नियम पाळला गेला. आता हे फाइलला लावू आणि विषय संपवू. निकालाला हात लावायची गरज नाही."

"सर, पण निकालच चुकीचा आहे. मी चुकीचा केलाय."

"त्या सुखतळ्याच्या पेटंटवर विद्यापीठाचंही नाव आहे, हे विसरलात का?"

विसरले नव्हते. त्याचा अर्थ मात्र तेव्हा लागला. मी म्हटलं, "म्हणजे सर, तुम्हालाही तो फॉर्म भरावा लागेल."

त्यांनी कप बशीत ठेवला. फार हळू ठेवला. "तुमची तब्येत बरी दिसत नाही. रजा घ्या. प्रयोगशाळेच्या किल्ल्या जाताना बाहेर द्या."

मला वाटत होतं, मी एका खोलीत कोंडले गेलेय. दार उघडलं तर बाहेर तसलीच आणखी मोठी खोली निघाली.

कायद्याच्या बाईंनी संध्याकाळी घरी येऊन समजावलं. निनावी तक्रारीवर चौकशी होत नाही. माझी कबुली कुलगुरूंच्या फाइलमध्ये गेली, ती तिथेच राहील. पण चाचणीतल्या सहभागीने स्वतःच्या नावानिशी तक्रार केली, तर ती बाहेरच्या चौकशी समितीकडे पाठवावीच लागते. ती कुलगुरूही अडवू शकत नाहीत. मी विचारलं, मी त्या चौघांना भेटू का? त्या म्हणाल्या, "तुम्ही? मुळीच नाही. तुम्ही कुणाला काही करायला सांगायचं नाही. सहभागीला त्याची स्वतःची नोंद मिळायचा हक्क आहे, तेवढी मात्र देता येईल. तीही समितीतर्फे."

म्हणून समितीच्या शिक्क्याने चौघांनाही आपापली नोंद पाठवली आहे. तुझी सोबत आहे. सहा महिन्यांतला प्रत्येक दिवस, प्रत्येक तास. ही तुझी आहे. तिचं काय करायचं, ते मी सांगणार नाही. सांगायचा अधिकार मला नाही, आणि आधीच तुला पुष्कळ सांगून झालंय.

बारक्याला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्याने दार पूर्ण उघडलं नाही. फटीतून म्हणाला, "आई झोपली आहे." सकाळचे अकरा वाजले होते. आत टीव्ही चालू होता.

मधली

२ जुलै

ताई,

तू आलीस. तक्रार कुणाची, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चौकशीच्या खोलीत शिरले तर समोरच्या खुर्चीवर तू, काठी मांडीवर आडवी धरलेली, केस पांढरे झालेले. मला वाटलं, मी तुला पत्रं लिहीत होते ती दुसऱ्याच कुणाला तरी.

बाहेरून आलेले तिघे टेबलापलीकडे. तू कागद उलगडलास आणि दिवस वाचायला लागलीस. सोमवार, अकरा तास. मंगळवार, बारा तास. मधल्या गृहस्थांनी म्हटलं, "बाई, एवढं पुरे." तू म्हणालीस, "नाही, सगळे ऐका. मी सगळे घातलेत." आणि वाचत राहिलीस. वीस मिनिटं. खोलीत त्या सिस्टरही होत्या. या खेपेला त्या नावानिशी आल्या होत्या.

मग त्यांनी विचारलं, "मुख्य संशोधकांचं आणि तुमचं नातं काय?"

तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "हे मी का सांगू? तिला विचारा. सांगायचं तिचं राहिलंय."

तिघांनी माझ्याकडे मान वळवली. ताई, दोन वर्गांना शिकवलं, कबुलीचा फॉर्म भरला, कुलगुरूंना सुनावलं, आणि हे दोन शब्द तोंडातून निघेनात. शेवटी म्हटलं, "सख्खी बहीण." ते म्हणाले, "जरा मोठ्याने." मी मोठ्याने म्हटलं. लिहिणाऱ्या बाईंनी लिहून घेतलं.

निकाल मागे घेतलाय, वाटप थांबवलंय. पण तोवर दोनशे जोड गेले होते. सगळ्यांना बोलावून तपासलं. सात जणांच्या पायाला जखमा निघाल्या. त्यातल्या तिघांना ते पाकीट माझ्या ड्रॉवरमध्ये होतं त्या दिवसांत सुखतळा दिला होता. तारखा मीच लावून बघितल्या. त्या आजोबांचं नाव मला माहीत नाही, त्यामुळे ते सातांत आहेत की नाहीत, हेही नाही. यादीवर नुसते क्रमांक आहेत.

बारक्याचा कारखाना बंद आहे. बायका शेजारच्या बॅगांच्या कारखान्यात लागल्या, सगळ्या नाही. आई एकदा शेजारच्यांच्या फोनवरून बोलली. "तू जेवलीस का?" एवढंच विचारलं. मी हो म्हटलं. मग तिने फोन ठेवला. माझ्याबद्दलचा निर्णय यायला अजून काही महिने लागतील. तोपर्यंत प्रयोगशाळेत पाऊल ठेवायचं नाही. शिकवायचंही नाही.

साक्ष झाल्यावर तू बाहेरच्या बाकावर बसून बूट काढलास. मोज्यावर ओला डाग होता. म्हणजे जखम भरलेलीच नाही. मी तुझ्यापासून दहा पावलांवर होते. तुझ्याकडे निघाले, तेवढ्यात कायद्याच्या बाईंनी माझं कोपर धरलं. "चौकशी पुरी होईपर्यंत साक्षीदाराशी बोलायचं नाही. भेटायचं नाही, लिहायचं नाही. तुम्हीच केलेला नियम आहे." खरंच माझाच होता, फेब्रुवारीतला. मी भिंतीशी उभी राहिले. तू बूट घातलास, काठी टेकलीस आणि लिफ्टकडे गेलीस. मी तिथेच होते, हे तुला माहीत होतं.

तर हे पत्र पेटीत टाकता येणार नाही. भाचीच्या हाती, शेजाऱ्यांच्या नावे पाठवायच्या चार युक्त्या सुचल्या. मला नेहमीच सुचतात. पण हे मी उद्या कायद्याच्या बाईंकडे नेऊन देणार आहे. चौकशी संपली की त्या तुला पाठवतील. किती महिने, माहीत नाही. पाकीट चिकटवत नाही. त्यांना वाचायचं असेल तर वाचू देत.

तुझी बहीण